जुन्या घरसामानाचा जीर्णोद्धार

महोत्सव जवळ आला म्हणजे गांवांतील घरें प्रथम कामाला लागतात. भिंतींस चुना अथवा रंग दिला जातो, अंगण सारवलें जातें, पाहुण्यांकरितां जागा करण्यांत येते. आणि ह्याच गडबडींत माळ्यावरील, पडवींतील व कोठीच्या खोलींतील जुनें सामान बाहेर काढून दारापुढें मांडलें जातें. त्यांपैकीं थोडें पुन्हां आंत जातें. पुष्कळसें भंगार घेणाऱ्याच्या गाडींत चढतें. पूर्वजांच्या श्रमांचें कृतज्ञतेनें स्मरण करावें म्हणून आपण जमतों, आणि त्याच्या आदल्या आठवड्यांत त्याच पूर्वजांच्या वापरांतील वस्तू वजनावर विकून मोकळे होतों, ही विसंगति लहान नव्हे. ह्याकरितां ज्युबिलीच्या ह्या अंकांत मांडवगण फराटा परिसरांतील वाचकांपुढें जुन्या घरसामानाचा संग्रह व जीर्णोद्धार हा विषय मांडण्याचें योजिलें आहे.

लांकूड हें माती व दगड ह्यांच्यासारखें टिकणारें नाहीं, ह्याचा पुरावा आपल्या शिरूर तालुक्यांतच आहे. घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें सांकळिया, ढवळीकर, अन्सारी इत्यादि विद्वानांच्या देखरेखीखालीं १९६८ ते १९८३ ह्या काळांत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें नांदलेल्या शेतकऱ्यांच्या वसतीचे अवशेष भूमींतून वर आले. चुली सांपडल्या, धान्याचीं पेवें सांपडलीं, कणग्यांखालचे मातीचे ओटे सांपडले, रंगीत भांडीं सांपडलीं. घरांचे खांब मात्र कुजून गेले होते. ते जेथें रोवले होते तेथील खळगे तेवढे राहिले. जेथें छप्पर तोलणारे खांब राहिले नाहींत, तेथें माणसें कशावर बसत आणि मूल कशांत निजवीत ह्याची काय कथा? मातीचें भांडें पुरलें तरी राहतें. लांकडी वस्तु जिवंत माणसांच्या हातांतच राहते. एका पिढीनें हेळसांड केली कीं पुढील पिढ्यांच्या वांट्यास खळगाच येतो.

जुनें म्हणजे पेशवाईंतलें, अशी पुष्कळांची समजूत असते. वाड्यांतील कोरीव खांब व पितळी समया ह्यांचें मोल आतां लोकांस पटलें आहे. परंतु सुमारें १९३० ते १९६५ ह्या काळांतील सामान अद्यापि मधल्या मधें लोंबकळत आहे. पूजनीय ठरण्याइतकें तें जुनें नाहीं, मिरविण्याइतकें नवें नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांनीं संसार मांडला तो मात्र ह्याच सामानावर. म्हणून आज सर्वांत अधिक धोका आहे तो ह्या काळांतील वस्तूंस.

हें सामान आपल्या बाजूच्या घरांत निरनिराळ्या वाटांनीं आलें. पहिली वाट गांवच्या सुताराची. बलुतेदारीच्या काळांत सुतार नांगर, पाभर व गाडी घडवी आणि त्याच हातांनीं बाज, पाट, घडवंची व पाळणा करी. लांकूड बहुधा जवळपासचें, म्हणजे बाभळीचें, लिंबाचें अथवा आंब्याचें. मोबदला सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें. अशा वस्तूवर कारागिराची सही नसते. वाकसाचे घाव व रंध्याच्या लाटा हीच त्याची सही होय. १९५५ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण म्हणून नेमून दिला, तेव्हां नाझरेथच्या सुताराबरोबर जगांतील सर्वच कारागिरांचा मान झाला. त्या मानांत आपल्या गांवच्या निनांवी सुताराचाही वांटा आहे.

दुसरी वाट छावणीची व रेल्वेची. शिरूर, ज्यास जुने लोक घोडनदी म्हणत, येथें एके काळीं इंग्रजांची लष्करी छावणी होती. आणि भीमेपलीकडच्या तालुक्यांत दौंड हें मोठें जंक्शन. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. साहेबांच्या बंगल्यांतील व रेल्वेच्या विश्रांतिगृहांतील लांब हातांच्या, वेतानें विणलेल्या आरामखुर्च्या पाहून तसली खुर्ची आपल्या ओसरींत असावी, ही हौस महाराष्ट्रांतील सुखवस्तु घरांत शिरली. पुढें १९४२ सालीं रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि ब्रह्मदेशचें सागवान येईनासें झालें. म्हणून युद्धापूर्वींची सागवानी खुर्ची घरांत असल्यास तिचें लांकूड समुद्रापलीकडून आलेलें असण्याचा संभव आहे, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरी वाट परदेशची. इराणी हॉटेलांतून दिसणारी गोल बैठकीची, वाकविलेल्या पाठीची काळसर खुर्ची सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा मूळ नमुना मिखाएल थोनेट ह्या कारागिराच्या व्हिएन्ना येथील पेढीनें १८५९ सालीं काढला. बीच नामक झाडाचें लांकूड वाफेवर मऊ करून सांच्यांत वाकवीत. संपूर्ण खुर्ची म्हणजे लांकडाचे ६ भाग, १० स्क्रू व २ चाक्या. सुटे भाग करून ठेविल्यास एक घनमीटर पेटींत ३६ खुर्च्या मावत. म्हणूनच ती जगभर जाऊं शकली. तिच्या कित्येक नकला निरनिराळ्या देशांत झाल्या.

चौथी वाट कारखान्याची. अर्देशीर गोदरेज ह्यांनीं १८९७ सालीं मुंबईस कुलपांचा धंदा सुरू केला. पुढें तिजोऱ्या आल्या, आणि १९२३ च्या सुमारास पोलादी कपाटें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकरितां लक्षावधि मतपेट्या ह्याच कारखान्यानें विक्रोळीस बनविल्या. मुलीच्या लग्नांत पोलादी कपाट देण्याची चाल पडली, आणि दागिने, जमिनीचे कागद व मुलांचे दाखले त्या एकाच कपाटाच्या पोटांत विसावले. आज तें कपाट जुनाट म्हणून हंसण्यावारी नेलें जातें. परंतु त्या काळचा जाड पत्रा व बिजागरी पाहून कोणीही जाणता लोहार मान डोलावील.

अशा वस्तूंचा संग्रह कसा करावा, हें शिकण्यास दूर जावयास नको. पुण्यांत शुक्रवार पेठेंत बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्यांचे व्यापारी, आणि ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणारे कवि. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांचा मुलगा राजा बालपणींच वारला. अशा शोकांत मनुष्य खचून जातो. केळकर व त्यांच्या पत्नी कमलाबाई ह्यांनीं संग्रहाच्या कामांत आपलें दुःख रिचविलें आणि त्या संग्रहास आपल्या मुलाचें नांव दिलें. दिवे, अडकित्ते, दौती, पेट्या, भांडीं, बाहुल्या, वाद्यें, कोरीव दारें, असें जें जें लोकांच्या स्वयंपाकघरांत व ओसरीवर रोज हाताळलें जाई, तें त्यांनीं निवडून निवडून आणिलें. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनीं ते संग्रहालयांत पुन्हां उभे केले. १९६२ सालीं त्यांनीं आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांतील वस्तूंची संख्या आज २०,००० च्या वर आहे.

ह्या चरित्रांतून एक गोष्ट विशेष घेण्यासारखी आहे. केळकरांनीं जमविलेला अडकित्ता त्यांच्या बालपणीं कोणासही ऐतिहासिक वाटला नसता. तो आजीच्या पानाच्या डब्यांत पडलेला असे. तो इतिहास ठरला तो कोणीतरी वेळेवर उचलून ठेविला म्हणून. त्यांनीं आपल्या वडिलांच्या व आजोबांच्या काळाकरितां जें केलें, तें आपण आपल्या आजोबांच्या काळाकरितां करावयास हवें.

वेळ चुकली म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण चंदीगडनें दिलें. तें नवें शहर उभारण्याकरितां आलेले वास्तुविशारद ल कॉर्बुझिए ह्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तेथेंच राहिले. कचेऱ्या, न्यायालय, महाविद्यालयें व वाचनालयें ह्यांकरितां त्यांनीं व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनीं सागवान व वेत ह्यांच्या साध्या, भक्कम खुर्च्या आंखल्या, आणि भारतीय सुतारांनीं त्या हजारोंनीं घडविल्या. पुढें वेत तुटले, पाय डुगडुगूं लागले. कचेऱ्यांनीं नव्या खुर्च्या आणून जुन्या गच्चीवर रचिल्या व लिलांवांत कवडीमोलानें काढल्या. परदेशांतील व्यापाऱ्यांनीं त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लिलांवांत लाखो रुपयांस विकल्या. २०११ सालीं भारत सरकारनें अशा सामानाच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. पण तोंवर पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच. गंमत अशी, कीं त्या खुर्च्यांच्या पाठीवर कचेरीच्या कारकुनानें रंगानें घातलेलीं अक्षरें व क्रमांक हाच आज त्यांच्या खरेपणाचा मोठा पुरावा मानला जातो. जी खूण खरवडून टाकावी असें आपणांस वाटतें, तीच वस्तूची साक्षीदार असते.

आपल्या धर्मबांधवांतही ह्या कामाची चांगली उदाहरणें आहेत. गोव्यांत बाणावली येथें व्हिक्टर ह्यूगो गोमिश ह्यांनीं शेतीचीं व घरगुती अशीं जुनीं उपकरणें हजारोंनीं गोळा करून ‘गोवा चित्र’ हें संग्रहालय २००९ सालीं उभें केलें. त्या इमारतींत पाडलेल्या जुन्या घरांचीं दारें-खिडक्या वापरण्यांत आलीं. ख्रिस्ती कलेचें संग्रहालय १९९४ सालीं रायतूर येथील सेमिनरींत सुरू झालें व २००२ सालीं जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत हलविण्यांत आलें. ख्रिस्तसभेची आज्ञाही ह्याच दिशेची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं पवित्र उपासनेविषयीं जें संविधान प्रसिद्ध केलें, त्यांत देवघरांतील पवित्र उपकरणें व मोलाच्या कृति विकल्या अथवा विखुरल्या जाऊं नयेत, ह्याविषयीं बिशपांनीं दक्ष राहावें असें सांगितलें आहे. जो नियम देवाच्या घरास, तोच आपल्या घरास लावण्यास कोणती हरकत आहे?

आतां प्रत्यक्ष जीर्णोद्धाराकडे वळूं. जीर्णोद्धार व नवीकरण ह्यांत भेद आहे. नवीकरणानें वस्तु नवी दिसूं लागते. जीर्णोद्धारानें ती जुनीच राहून पुन्हां कामास येते. ह्याकरितां पहिलें काम लेखणीचें. सुतारास बोलाविण्यापूर्वीं वस्तूचे चारी बाजूंनीं फोटो घ्यावे, खणाची मागील फळी व बैठकीची खालची बाजू पाहावी, आणि घरांतील वडील माणसास विचारून ती कोणी, केव्हां व कोठून आणली हें लिहून ठेवावें. ज्या वस्तूची हकीकत हरवली, ती अर्धी हरवलीच म्हणावयाची.

दुसरा नियम असा, कीं जें केलें तें पुढच्या कारागिरास उलगडतां आलें पाहिजे. जुने सुतार कुसू खाचेंत बसवून सांधा सरसानें जोडीत. सरस जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून करतात. उष्णता व ओलावा लागतांच तो सैल होतो, आणि सांधा लांकडास इजा न होतां सुटतो. हल्लींचीं कित्येक कृत्रिम चिकटद्रव्यें एकदां बसलीं कीं सुटत नाहींत. जोर केल्यास लांकूडच फाटतें. डुगडुगणाऱ्या खुर्चीस खिळा ठोकणें हा तर सर्वांत वाईट उपाय होय. खिळ्यानें कुसू चिरतो, आणि आज गप्प बसलेली खुर्ची उद्यां कायमची मोडते. सांधा सोडावा, जुना सरस खरवडून काढावा, नवा लावावा व दोरीनें आवळून एक दिवस ठेवावा, ही जुनी रीतच बरी.

लांकडास बारीक भोकें दिसलीं म्हणून घाबरूं नये. भोकाखालीं पिठासारखा ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे असें समजून जाणकाराकडून औषध करवावें. भुसा पडत नसेल, तर कीड बहुधा केव्हांच निघून गेलेली असते. वाळवीची गोष्ट निराळी. ती ओलाव्याच्या मागानें येते. म्हणून जड सामान ओल्या भिंतीस चिकटवून ठेवूं नये.

वेताची बैठक फाटली म्हणजे पुष्कळ लोक तिच्या जागीं प्लायवुडची फळी ठोकतात. असें करूं नये. बैठकीच्या चौकटीस भोवतीं भोकें पाडलेलीं असतात. भिजवून मऊ केलेल्या वेताच्या पट्ट्या त्यांतून उभ्या, आडव्या व तिरप्या अशा सहा पदरांनीं ओढल्या असतां अष्टकोनी जाळी तयार होते, आणि वेत सुकला कीं ती ताणून बसते. अंध बांधवांच्या शाळांतून हें काम शिकविण्यांत येत आलें आहे. तेव्हां अशी एक खुर्ची विणून घेतली, तर वस्तूबरोबर एका कुटुंबाचाही संसार सांवरतो.

पॉलिशाविषयीं दोन शब्द. चपडी लाख स्पिरिटांत विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यांत गुंडाळून, पातळ हात पुन्हां पुन्हां फिरवावा, ही जुनी पद्धति. लाख ही कुसुंब, बोर व आपल्या परिचयाचा पळस ह्यांसारख्या झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांपासून मिळते. तिचें पॉलिश पाण्यानें व गरम भांड्यानें डागळतें खरें, पण स्पिरिटाच्या बोळ्यानें तें पुन्हां सांवरतांही येतें. सागवानावर तैलरंगाचे थर चढले असतील तर ते सावकाश, ओले करून काढावे. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. त्याची कोरडी धूळ विषारी असल्यामुळें लहान मुलांस त्या कामापासून दूर ठेवावें व स्वतः तोंडास फडकें बांधून न भागवितां चांगला मास्क वापरावा. पोलादी कपाटाचा गंज चकचकीत धातु दिसेपर्यंत काढून, गंजरोधक अस्तर देऊन मग रंग द्यावा. मात्र दाराच्या आंतील बाजूस मूळ रंगाचा वीतभर तुकडा तसाच राखावा, म्हणजे मूळ रूप काय होतें हें पुढच्यांस कळेल.

संग्रहाची आवड लागली म्हणजे बाजाराची वाट सांपडतेच. पुण्यांतील रविवार व बुधवारचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार हीं त्या रसिकांचीं तीर्थक्षेत्रें होत. तेथें एका खुर्चीचे पाय व दुसरीची पाठ जोडून तिसरीच जुनी खुर्ची उभी केलेलीही आढळते. झीज जेथें हात व पाय लागतात तेथेंच आहे का, हें पाहावें. सर्वत्र सारखी झीज ही कानसेची करामत असते. खणाच्या कोपऱ्यांतील हातानें कापलेले दांते थोडे विषम असतात. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आले. त्यापूर्वींची म्हणविणाऱ्या खुर्चींत ते दिसले, तर निदान तिची दुरुस्ती मागाहून झाली आहे एवढें निश्चित समजावें.

येथें एक घरगुती कबुली देणें प्राप्त आहे. आमच्या घरीं आजोबांची एक आरामखुर्ची होती. घरांतील एका लग्नाच्या वेळीं जागा हवी म्हणून ती भंगारांत दिली. गाडीपर्यंत ती मींच उचलून नेली. कांहीं वर्षांनीं आत्याबाईंनीं सहज विचारलें, ‘बैठकीखालचें लिहिलेलें कोणी वाचलें होतें का रे?’ एका दुष्काळाच्या वर्षीं गांवच्या सुताराकडे काम नव्हतें. तो हात पसरणारा माणूस नव्हता, म्हणून आजोबांनीं गरज नसतांना त्याजकडून ती खुर्ची करवून घेतली, आणि बैठकीच्या खालच्या आडपट्टीवर त्याचें नांव व साल शाईनें लिहून ठेविलें. त्या सुताराचें नांव काय, असें मीं विचारलें. आत्याबाईंस तें आठवेना. आणि आठवूं शकेल असें दुसरें कोणी उरलें नव्हतें. खुर्ची तेवढी गेली असती तर दुःख नव्हतें. एका मानी मनुष्याचें नांव आमच्या हातून पुसलें गेलें, आणि एका चांगल्या कृत्याचा पुरावाही त्याबरोबर गेला.

असो. प्रत्येकानें संग्रहालय उभारावें असें म्हणणें नाहीं, आणि लहान घरांत सर्वच जुनें सांठविणें शक्यही नाहीं. पण प्रत्येक कुटुंबानें जुनी अशी एकच वस्तु निवडावी. ती चांगल्या सुताराकडून नीट करून घ्यावी, आणि कोपऱ्यांत झांकून न ठेवतां रोज वापरावी. कारण हात लागत राहिला म्हणजे लक्षही राहतें, आणि लक्ष राहिलें म्हणजे वाळवी वेळेवर दिसते. तिची हकीकत एका वहींत लिहून ती वही घरच्या बायबलाजवळ ठेवावी. मुलांनीं आजी-आजोबांस विचारून दर वर्षीं त्या वहींत एकेका वस्तूची भर घातली, तर पुढच्या ज्युबिलीच्या वेळीं ह्या गांवाच्या संसाराचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यास खळगे चाचपडावे लागणार नाहींत. आणि ह्या सणाच्या साफसफाईंत एखादी खुर्ची दाराबाहेर काढण्याची वेळ आलीच, तर वाचकहो, ती गाडींत चढविण्यापूर्वीं एकदां उलटी करून पाहा.